जुन्या सागवानाचा रायझर : लाकूड स्वस्त मिळालं, म्हणून धनुष्य स्वस्त विकू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टेकडाऊन धनुष्याचा रायझर, म्हणजे मुठीचा मधला भाग, जुन्या लाकडातून कसा घडवतात ते पाहिलं. एक मुद्दा तिथे घाईत सांगितला, तो इथे नीट मांडतो. "वाड्याचं लाकूड जवळजवळ फुकट मिळतं, मग आपण निम्म्या किमतीत विकू," असा बेत कुणाचा असेल, तर थांबा. माझं मत स्पष्ट आहे: या धंद्यात सवलत देणारा आधी स्वतः बुडतो आणि नंतर ग्राहकाला इजा करतो.

आधी हिशोब. समजा, पाडलेल्या वाड्याच्या तुळया-चौकटींचे १० तुकडे तुम्ही प्रत्येकी २०० रुपयांना आणले. रंधा मारल्यावर खरं रूप कळतं. एकात चीर, दुसऱ्यात मोक्याच्या जागी गाठ, तिसऱ्यात किडीची भोकं, चौथ्यात आत मोडलेला खिळा. कामाचे निघाले ४. म्हणजे तुकडा २०० ला नाही, ५०० ला पडला. आता खिळे उपसणं, कापणं, चिकटवणं, कानस, पॉलिश पेपर, फिनिशिंग मिळून १२ तास धरा. तासाला २०० प्रमाणे २,४०० झाले. इपॉक्सी, बोल्ट, पितळी इन्सर्ट वगैरे ६००. एकूण ३,५००. तुमच्या गावातले आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. पण लाकूड अगदी फुकट धरलं तरी बचत फक्त ५०० ची! मग निम्मी किंमत कुठून आणणार? स्वतःच्या मजुरीतून. याला धंदा म्हणत नाहीत.

आता जबाबदारी. दोरी ओढली की दोन्ही लिंब्सचा जोर रायझरवर येतो आणि बाण सुटताना झटकाही तोच खातो. बाणासाठी मुठीच्या वर खाच कापतो, तिथे लाकूड सगळ्यात अरुंद होतं. तिथेच जुनी चीर लपलेली असली, तर रायझर मोडतो तो हातात आणि तोंडासमोर. समोर शिकणारं पोर असू शकतं, हे विसरू नका.

"जुनं लाकूड मुरलेलं असतं," हे अर्धं खरं. ते चांगलं वाळलेलं असतं, नवीन ओल्या लाकडासारखं पिळत नाही. पण ८० वर्षं भार झेललेल्या तुळईत काय लपलंय, ते वरून दिसत नाही. म्हणून रेषा सरळ लांबीत धावणारा तुकडाच घ्या. एकाच ठोकळ्यावर विसंबू नका, पट्ट्या जोडून रायझर बनवा. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या आधी लगेच ॲसिटोनने पुसा, नाहीतर जोड सुटतो. शिसव जास्त जड आणि कठीण, मुठीला वजन देतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा मास्कशिवाय घासू नका. लिंब्स बसतात त्या दोन्ही जागा एका पातळीत हव्यात, नाहीतर लिंब्स पिळतात.

ग्राहक कोण, हेही ठरवा. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हा सगळ्यांची छाती फुगली. पण त्यांचं कंपाउंड धनुष्य, तो धातूचा आणि यंत्राचा खेळ. ऑलिम्पिकच्या रिकर्व्हमध्येही वरच्या पातळीवर धातूचेच रायझर चालतात. इंडियन राउंडची पोरं बांबूचं धनुष्य वापरतात. तुमचा ग्राहक आहे हौशी माणूस, हलक्या ओढीच्या धनुष्यावर शिकणारा, लाकडाची मूठ आवडणारा. तो थोडा आहे, पण त्याला स्वस्त नको असतं. त्याला विश्वास हवा असतो.

तो विश्वास कागदावर द्या. प्रत्येक रायझरला नंबर, लाकूड कुठल्या वाड्याचं, किती पौंडांपर्यंत वापरायचं, किती वेळा ओढून तपासलं, हे सगळं वहीत आणि ग्राहकाच्या कार्डावर. ही चाचणी धनुष्य फळीला बांधून, लांबून दोरी ओढून करायची, हातात धरून नाही. लाकूड खरेदीचं बिल जपून ठेवा. शिसव परदेशी पाठवायचा विचार असेल, तर आधी नियम विचारा. २०१७ पासून त्याच्या सगळ्या जातकुळीवर साईटिस कराराचं नियंत्रण आहे.

आणि बाद केलेले ते ६ तुकडे? त्यांच्या किचेन, मोबाइल स्टँड, पाट-पोळपाट करा. पण "चालून जाईल" म्हणून त्यातला एकही रायझरमध्ये घालू नका. जो कारागीर सहा तुकडे बाजूला टाकतो, त्यालाच चार तुकड्यांचा पूर्ण भाव मागायचा हक्क आहे.

आज रात्री वही काढा, वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा. भाव त्यानंतर ठरवा.