माऊस कुणाच्या हातात?

किशोरी गटाच्या बैठकीसाठी आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका शाळेत गेले होते. संगणकाच्या खोलीला कुलूप. "मुलांनी काही बिघडवलं तर इथवर दुरुस्तीला कोण येणार?" शाळेतल्या बाई म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं. पण कुलूप उघडल्यावर जे पाहिलं ते जास्त खटकलं. खुर्चीवर मुलगा, माऊस त्याच्या हातात आणि मुली मागे उभ्या राहून वहीत उतरवून घेताहेत.

बिघडण्याच्या भीतीवर एक स्वस्त उपाय आहे. मुक्त सॉफ्टवेअर कुणालाही वापरता, वाटता आणि बदलता येतं. त्यातल्या काहींची 'पोर्टेबल' आवृत्ती थेट पेन ड्राइव्हवरून चालते; संगणकावर बसवावी लागत नाही. काम झालं की पेन ड्राइव्ह काढायचा, शाळेची मांडणी होती तशीच राहते. तक्ते आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, चित्रांसाठी टक्स पेंट. दोन्ही मराठीतही आहेत, दोन्हींना पैसे पडत नाहीत. मुख्याध्यापकांची परवानगी मात्र घ्यावी, पेन ड्राइव्ह व्हायरससाठी आधी तपासावा आणि मुलींची नावं-पत्ते त्यावर ठेवू नयेत.

वेगळा तास मागू नये. बाईंच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग असतो. त्या आठवड्यात शेकडेवारी शिकवायचीच असेल, तर तोच धडा, एकच तास, एकच संगणक. वीज गेली किंवा जमलं नाही, तर बाईंनी फळ्याकडे वळावं. प्रयोग थांबवायचा अधिकार त्यांचाच.

उदाहरणं मात्र आपल्या शिवारातली असावीत. जुन्नर-आंबेगावात कांदा, टोमॅटो, ऊस आहे. बाईची रोजची मजुरी किती, पुरुषाची किती, फरक शेकडा किती? मुलींनी घरी विचारून यावं आणि तक्ता स्वतः भरावा. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तो आपल्या बांधावर कितपत पोचला, हे त्या एका रकान्यात दिसेल.

माझा मुद्दा एवढाच आहे. 'वर्गात व्यत्यय नको' हे मला मान्य आहे. पण त्या नावाखाली मुलींनी मागेच उभं राहायचं असेल, तर ते मान्य नाही. सॉफ्टवेअर मोफत मिळालं म्हणून समता मिळत नाही. खुर्चीची पाळी ठरवावी लागते, पहिली पाळी मुलींना द्यावी लागते आणि पेन ड्राइव्ह सांभाळायलाही त्यांच्याकडेच द्यावा लागतो. धडा मोडू नये. बसण्याची जुनी रीत मात्र मोडलीच पाहिजे.

जुन्नरच्या ओतूरहून सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी जोतिरावांना पत्र लिहून दुष्काळाची हकीगत कळवली होती. आपल्या भागाची हकीगत बाईने स्वतःच्या हाताने मांडायची, ही इथली जुनी शिकवण आहे. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या शाळेत एक तास मागून तर पाहा.