पक्ष दोन, भाकरी एक



अमेरिकेच्या राजकारणाच्या बातम्या ऐकल्या की मन खट्टू होते. ६ जानेवारी २०२१ रोजी तर निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव थेट तिथल्या संसदेत घुसला. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकमेकांच्या ओसरीवरसुद्धा चढत नसतील, असे वाटावे. पण त्याच देशातल्या दोन माणसांची हकिगत आज सांगतो.

जॉर्ज मॅकगव्हर्न साउथ डकोटाचे, पक्षाने डेमोक्रॅट. बॉब डोल गव्हाच्या मुलखातले, कॅन्ससचे, पक्षाने रिपब्लिकन. दुसऱ्या महायुद्धात मॅकगव्हर्न इटलीतल्या तळावरून बॉम्बफेकी विमान चालवीत. त्याच इटलीत एप्रिल १९४५ मध्ये डोल असे जखमी झाले, की उजवा हात कायमचा निकामी झाला. १९७२ साली मॅकगव्हर्न राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा डोल समोरच्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांत मॅकगव्हर्न हरले.

यानंतर दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसते, तरी नवल नव्हते. पण सिनेटच्या पोषण समितीत दोघे एकत्र बसत. त्या काळी गरिबांना अन्नासाठी सरकारी कुपने मिळत. पण ती घ्यायला आधी काही रोख रक्कम भरावी लागे. ज्याच्या गाठीला दमडी नाही, त्याने काय करावे? ही अट जावी म्हणून दोघांनी मिळून जोर लावला. १९७७ च्या कायद्याने अट गेली. त्याच कायद्याने मिळकतीची मर्यादा मात्र कडक झाली. थोडे द्यायचे, थोडे घ्यायचे, तेव्हा कुठे काम तडीस जाते. शिवाय गरिबाच्या ताटात अन्न पडले, की शेतकऱ्याच्या मालालाही गिऱ्हाईक मिळते. शेतीच्या मुलखातल्या माणसांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हातारपणीही ही जोडी फुटली नाही. गरीब देशांतल्या पोरांना शाळेत जेवण मिळावे, म्हणजे पोरे, विशेषतः मुली, शाळेत टिकतील, म्हणून दोघे झटले. २००२ च्या अमेरिकेच्या शेती कायद्यात दोघांच्या नावाची योजना आली. २००८ साली दोघांना मिळून जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मॅकगव्हर्न २०१२ मध्ये गेले, डोल २०२१ मध्ये.

मंडळी, एक गोष्ट ध्यानात घ्या. दोघांनीही आपला पक्ष सोडला नाही. डोल १९९६ मध्ये रिपब्लिकन उमेदवार म्हणूनच राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले आणि हरले. सगळ्याच बाबतींत त्यांचे पटले, असेही नाही. पटले ते भुकेल्या पोराच्या बाबतीत, आणि तेवढे पुरले.

अमेरिकेत आजही भांडण मोठे आहे. पण ज्या मातीत ही जोडी जमली, ती माती काही नापीक झालेली नाही. आणि आपल्या गावच्या निवडणुकीनंतर समोरच्या पार्टीच्या माणसाशी बोलायचे कसे, असा प्रश्न पडलाच, तर मतांचा विषय बाजूला ठेवा. शाळेचे छप्पर गळते का, तिथून सुरुवात करा.