मनोनिग्रहाची मर्यादा

मनालाच संबोधून दोनशे पाच श्लोक रचणाऱ्या समर्थ रामदासांचे चाफळ पाटण तालुक्यात आहे. मनाला आवरण्याची शिकवण येथे नवी नाही. याच तालुक्याने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सोसला आणि जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथील घरे दरडीखाली गाडली गेलेलीही पाहिली. असा आघात सोसलेला माणूस पुढल्या पावसाळ्यात सरीच्या आवाजाने दचकून उठू लागला, तर त्याला पहिला उपदेश मिळतो तो 'मन घट्ट कर' हाच.

या उपदेशात तथ्य नाही असे नाही. आत्मनियमन हा मनोविकारांवरील उपचारांचा मोठाच आधार आहे. झोपेच्या वेळा सांभाळल्याने उन्माद-अवसादाचे झटके लांबतात; आजार उलटण्याच्या खुणा रुग्णाने स्वतः ओळखल्या, तर वेळीच डॉक्टरकडे जाता येते; खिन्न माणसाने इच्छा नसतानाही ठरलेले काम हाती घेतले, तर खिन्नता हळूहळू ओसरते. पण ही शिकवून, सरावाने येणारी कौशल्ये आहेत. शिवाय आजार प्रथम घाला घालतो तो याच शक्तीवर. निद्रा, एकाग्रता, निर्णयशक्ती हरपलेल्या माणसाकडे निग्रहाची मागणी करणे म्हणजे पाय मोडलेल्याला कुंभार्ली घाट चढावयास सांगणे होय. तो चढला नाही म्हणजे आळशी, दुबळा, असा शिक्का बसतो. आणि तो शिक्का रुग्ण स्वतःही खरा मानू लागतो, हे अधिक भयंकर.

समाजाचे हे अज्ञान शासनाच्याही सोयीचे असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षणही दिले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस'चा सल्ला विनामूल्य मिळतो. फोनवर धीर मिळेल, वाटही दाखविली जाईल. परंतु महिनोन्महिने घ्यावयाची औषधे आणि समोर बसून करवून घ्यावयाचा सराव यांसाठी माणूस जवळच हवा. येरवडा आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालये डोंगरातल्या कुटुंबाला दूरच.

पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरलेला असावा, औषधात खंड पडू नये, आणि तो वार शक्यतो बाजाराचाच असावा. कोयनेच्या खोऱ्यातून येणाऱ्याला त्यामुळे एस.टी.चा खर्च एकदाच पडेल, आणि 'कोठे निघालास?' या प्रश्नाला 'बाजाराला' एवढे उत्तर पुरेल.