‘फार संथ आहे हो!’

गेल्या महिन्यात मंडळातले आम्ही नऊ जण एका सभासदांच्या घरी जमलो आणि ‘नेव्हर रेअरली समटाइम्स ऑल्वेज’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला. दिग्दर्शिका एलिझा हिटमन, साल २०२०, लांबी जेमतेम पावणेदोन तास. चित्रपट संपल्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती ‘फार संथ आहे हो!’ अशी. दुसऱ्या एकांनी विचारले, ‘पण त्या मुलीला दिवस गेले कुणामुळे, ते सांगितलेच नाही की!’ आणि तिसऱ्यांचे म्हणणे, ‘विषय गर्भपाताचा. आपल्याकडे कायदा आहेच, मग आपण हे कशाला बघायचे?’

घरी आल्यावर थोडे वाचले, तेव्हा लक्षात आले की या चित्रपटाला इतरत्रही साधारण अशाच प्रतिक्रिया मिळाल्या आहेत. बर्लिन महोत्सवात त्याला परीक्षकांचे मोठे पारितोषिक मिळाले. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर जवळजवळ सगळ्या समीक्षकांनी त्याची वाहवा केली, सामान्य प्रेक्षकांनी मात्र बरेच कमी गुण दिले. विषयालाच विरोध असणाऱ्यांनी राग काढला, हे उघड आहे. ऑस्करला मत देणाऱ्या अकादमीच्या एका ज्येष्ठ सदस्याने तर आपण हा चित्रपट पाहणारच नाही, असे दिग्दर्शिकेला लिहून कळवले. न पाहता नापसंती कळवणाऱ्यांविषयी मला फारसे म्हणायचे नाही. मला विचार करावासा वाटतो तो पाहून कंटाळलेल्यांचा, कारण ती आपलीच माणसे आहेत.

कथा थोडक्यात अशी. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावातली ऑटम ही सतरा वर्षांची मुलगी किराणा दुकानात कॅशियर आहे. तिला दिवस गेले आहेत. गावातल्या केंद्रात तिला दहा आठवडे झाल्याचे सांगतात आणि गर्भपाताच्या विरोधातली फीत दाखवतात. त्या राज्यात अठरा वर्षांखालील मुलीला पालकांची संमती लागते आणि ही गोष्ट ती घरी सांगू शकत नाही. मामे-मावस नात्यातली स्कायलर दुकानातल्या गल्ल्यातून थोडे पैसे काढते आणि दोघी बसने न्यूयॉर्कला जातात. तिथे कळते की दहा नव्हे, अठरा आठवडे झाले आहेत. त्यामुळे पहिल्या दवाखान्यात काम होत नाही, दुसऱ्या दवाखान्यात जावे लागते, तिथेही दोन दिवस लागतात. पैसे संपतात. हॉटेल परवडत नाही, म्हणून रात्र स्थानकावर आणि भुयारी रेल्वेत काढावी लागते. एक जड बॅग दोघी आळीपाळीने जिन्यांवरून ओढत राहतात.

एवढेच. खलनायक नाही, कोर्टातला प्रसंग नाही, शेवटी भाषण नाही.

मग वेळ कशात जातो? वाट पाहण्यात. बसची वाट, नाव पुकारण्याची वाट, सकाळ होण्याची वाट. आपल्या भाषेत ‘दिवस जाणे’ म्हणतात ते इथे अक्षरशः घडते: प्रत्येक नियमापायी, प्रत्येक चुकीच्या माहितीपायी या मुलीचे दिवस जात राहतात आणि प्रत्येक गेलेल्या दिवसाबरोबर उपाय अवघड आणि महाग होतो. दहा आणि अठरा यांतला फरक हीच या चित्रपटातली सर्वांत मोठी घटना आहे. ती एका वाक्यात येऊन जाते, म्हणून ‘काही घडतच नाही’ असे वाटते.

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. त्यात काउंटरच्या या बाजूने ‘उद्या या’ हे शब्द किती वेळा उच्चारले असतील, त्याची मोजदाद नाही. बहुतेक वेळा नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. समोरचा माणूस परत कुठे जातो, त्याचे बसभाडे किती, आजची रजा त्याने कशी मिळवली, याचा विचार त्या वेळी डोक्यात येत नसे. चित्रपटातले बहुतेक कर्मचारीही वाईट नाहीत. बरेचसे सौम्य बोलतात. तरीही मुलगी फिरतच राहते. माझ्या लेखी हा कंटाळवाणा भाग नव्हता, ओळखीचा होता.

चित्रपटाचे नाव ज्या प्रसंगावरून आले तो प्रसंग तर एका प्रश्नावलीचाच आहे. समुपदेशक बाई विचारतात: जोडीदाराने कधी धमकावले का, मारले का, मनाविरुद्ध जबरदस्ती केली का? उत्तर चारांपैकी एक द्यायचे: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ती उत्तरे देते, मग देऊ शकत नाही. ‘कुणामुळे’ या प्रश्नाचे जे काही उत्तर आहे ते इथेच आहे. नाव कळत नाही, पण काय भोगले ते कळते. आपल्याला नाव हवे असते, कारण नाव मिळाले की राग कुणावर काढायचा ते ठरते आणि आपण मोकळे होतो. दिग्दर्शिका ती सोय देत नाही. ‘संथ आहे’ या तक्रारीत माझ्या मते निम्मी तक्रार याचीच आहे.

संथ चित्रपट आपण पाहतच नाही असेही नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये तारखांवर तारखा पडतात आणि कॅमेरा जागचा हलत नाही. तेव्हाही काही जण कंटाळले होते. पण कोर्टकचेरी माहीत असणाऱ्यांना तो संथपणा खोटा वाटला नाही.

आता तिसरा प्रश्न: आपण हे कशाला बघायचे? बेळगावकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. सविता हलप्पनवार हे नाव आपण विसरलेलो नाही. आपल्या गावची ही एकतीस वर्षांची दंतवैद्यक आयर्लंडमधल्या गॉलवे येथे २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गेली. सतरा आठवडे झाले होते आणि गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळले होते. तिने गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. थांबण्यात दिवस गेले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती वाचली नाही. पुढे २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या जनतेने ६६.४ टक्के मतांनी घटनेतली ती बंदी काढून टाकली.

हिटमन यांना या चित्रपटाची कल्पना सुचली ती याच मृत्यूची बातमी वाचून. त्या काळी आयरिश स्त्रिया गर्भपातासाठी समुद्र ओलांडून इंग्लंडला जात. त्या प्रवासाविषयी त्यांनी वाचले आणि तोच प्रवास अमेरिकेत, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, आणून मांडला. म्हणजे या गोष्टीचे एक टोक आपल्या गावात आहे. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हापासून अनेक राज्यांतल्या सज्ञान स्त्रियांनाही असा प्रवास करावा लागतो.

आपल्याकडे कायदा आहे, हे खरे. १९७१ साली आपण तो केला, अनेक देशांच्या आधी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही यात सामावून घेतले. सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची कायद्याने लागत नाही. त्या संध्याकाळी आमच्यातल्या नऊपैकी सहा जणांना हे ठाऊक नव्हते. मीही त्या सहांतला. आणि सतरा वर्षांच्या ऑटमला आपल्याकडेही पालकाची लेखी संमती लागलीच असती, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या अडचणीत एक शब्दाचा घोळही आहे. ‘गर्भपात’ म्हणजे आपोआप होणारा आणि करवून घेतलेला, दोन्ही. शिवाय स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध इतकी वर्षे प्रचार झाला (आणि तो हवाच होता) की पुष्कळांना आता गर्भपात सरसकट बेकायदा वाटतो. बेकायदा आहे ती लिंगतपासणी आणि त्यावरून केलेला गर्भपात. या गैरसमजात कुणाच्या घरात कोणाचे किती दिवस जातात, ते आपल्याला कळतही नाही.

त्या दिवशी चर्चा संपत आली असताना एक वहिनी, ज्या तोवर गप्प होत्या, एवढेच म्हणाल्या, ‘तिच्याबरोबर ती बहीण होती, ते बरं झालं.’ त्यावर कुणी काही बोलले नाही. मला वाटते, त्यांना चित्रपट संथ वाटला नसावा.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी एक सूचना मांडणार आहे: मंडळाच्या सभागृहात एका रविवारी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वकील अशा दोघांना बोलवावे, आणि कायदा काय देतो, काय देत नाही हे सोप्या मराठीत समजून घ्यावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनाही बसू द्यावे. ज्यांना चित्रपट आधी पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा. फक्त मध्येच चहाला उठू नये.