विश्लेषण : पासपोर्टवर ‘एक्झिट’चा शिक्काच नाही, चूक कोणाची, त्रास कोणाला?

युरोपची सहल करून आलेले कुटुंब दोन वर्षांनी पुन्हा व्हिसाच्या तयारीला लागते, आणि तेव्हा लक्षात येते की चौघांपैकी एकाच्या पासपोर्टवर युरोपात शिरल्याचा शिक्का आहे, बाहेर पडल्याचा नाही. माणूस मुंबईत घरी बसलेला; कागदावर मात्र तो अजून युरोपातच आहे. शिक्का मारणे हे सीमेवरच्या अधिकाऱ्याचे काम. तो राहिला तर स्पष्टीकरण देण्याचे काम मात्र प्रवाशाचे. शेंगेन देशांच्या कायद्यातच ही उलटी रचना आहे आणि नव्या डिजिटल व्यवस्थेतही ती टिकून आहे.

शिक्का नेमका कुठे मिळतो?

निम्मा घोळ इथेच होतो. शेंगेन गटात २९ देश आहेत आणि त्यांच्या आपापसातल्या सीमांवर शिक्का मारला जात नाही. झुरिकहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येणाऱ्या प्रवाशाला बाहेर पडल्याचा शिक्का मिळतो तो फ्रँकफर्टला, झुरिकला नव्हे. त्यामुळे स्वित्झर्लंडचा शिक्का शोधत घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रवेशाचा शिक्का सरळ कोपऱ्यांचा चौकोन असतो, निर्गमनाच्या शिक्क्याचे कोपरे गोलाकार असतात. शिक्क्यात देशाचे अक्षर, तारीख, सीमेवरच्या ठिकाणाचे नाव, बाण आणि विमान, रेल्वे, मोटार किंवा जहाजाचे छोटे चित्र असते. खिडकीपासून हलण्याआधी दहा सेकंद पान पाहिले तरी पुढचा मनस्ताप वाचतो. पण पाठीमागे रांग आणि कडेवर मूल असताना हे कोणाला सुचते?

आणि शिक्का नसणे म्हणजे दरवेळी चूकच असते असे नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधून निघताना पासपोर्टवर शिक्का मिळतच नाही. अमेरिकेत परदेशी पाहुण्याच्या येण्याजाण्याची नोंद ‘आय-९४’ या इलेक्ट्रॉनिक अभिलेखात असते आणि ती ऑनलाइन पाहता येते.

कायदा काय म्हणतो?

शेंगेन सीमा संहितेनुसार (२०१६) युरोपबाहेरच्या नागरिकाच्या पासपोर्टवर येताना आणि जाताना शिक्का मारणे बंधनकारक होते. गर्दीमुळे तपासणी शिथिल केली तरी शिक्का चुकवायचा नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ‘गर्दी होती’ ही सबब अधिकाऱ्यालाही नाही.

पण त्याच संहितेचे कलम १२ सांगते, की प्रवेशाचा शिक्का नसेल तर त्या व्यक्तीने मुक्कामाची मर्यादा पाळली नाही असे गृहीत धरता येईल. निर्गमनाचा शिक्का नसेल तेव्हाही हीच तरतूद लागू होते. हे गृहीतक खोडून काढण्याचा हक्क प्रवाशाला आहे. प्रवासाची तिकिटे किंवा शेंगेनबाहेर हजर असल्याचा विश्वासार्ह पुरावा दिला, तर अधिकारी बाहेर पडल्याची तारीख आणि ठिकाण पासपोर्टवर नोंदवू शकतो.

हक्क आहे हे चांगलेच. तरीही, ज्याने चूक केली त्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही आणि ज्याच्याबाबत झाली त्याने निर्दोष असल्याचे कागद गोळा करायचे, हा न्याय अजब म्हणावा लागेल. कोण विमानात चढले याची यादी विमान कंपनीकडे असते. शंका आली तर आधी ती यादी तपासण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकणे अवघड नव्हते.

भारतीयांसाठी हे महत्त्वाचे का?

युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी व्हिसाचे नियम सैल केले. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्यापुढे, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, पाच वर्षांचा. यातली कळ आहे ‘नियमानुसार वापरले’ या शब्दांत. तो वापर दिसतो शिक्क्यांतून. एक शिक्का नसला, की हातातोंडाशी आलेल्या लांब मुदतीच्या व्हिसावर प्रश्नचिन्ह लागू शकते.

कोणता पुरावा जवळ असावा?

सर्वांत भक्कम पुरावा बहुतेकांच्या पासपोर्टमध्येच असतो, तो म्हणजे भारतात परत आल्याचा इमिग्रेशनचा शिक्का. माणूस अमुक तारखेला मुंबईत उतरला, म्हणजे त्यानंतर तो युरोपात नव्हता. मुंबईसह काही विमानतळांवर नोंदणी केलेल्या भारतीयांसाठी ई-गेट आहेत. तिथून झटपट बाहेर पडणाऱ्यांनी तारखेचा दुसरा पुरावा जपलेला बरा.

बोर्डिंग पासचे दुखणे वेगळे. तो आता फोनवर असतो आणि विमान उतरल्यावर ॲपमधून नाहीसाही होतो. त्याचा स्क्रीनशॉट, ई-तिकिटाची पीडीएफ आणि परत आल्यानंतर भारतात कार्डाने केलेल्या खर्चाची बँक नोंद एकत्र ठेवावी. पुढच्या अर्जासोबत दोन परिच्छेदांचे पत्र जोडून शिक्का राहिल्याचे स्वतःहून सांगणे, हे गप्प राहून अधिकाऱ्याने विचारण्याची वाट पाहण्यापेक्षा केव्हाही चांगले.

खलाशांचा प्रश्न

पर्यटकाला ही कटकट एखाद्या वेळी होते. रत्नागिरी, सिंधुदुर्गातून मर्चंट नेव्हीत गेलेल्यांची रोजीरोटीच शिक्क्यांच्या तारखांवर चालते. खलाशी विमानाने येतो आणि बंदरात जहाजावर रुजू होतो. निर्गमनाचा शिक्का कधी मारायचा, रुजू होताना की जहाज सुटताना? रॉटरडॅम बंदरात दीर्घकाळ नांगरलेल्या जहाजांवरील खलाशांचा हा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ५ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की जहाज लवकरच सुटणार असल्याचे कप्तानाने कळवल्यावरच शिक्का मारायचा. म्हणजे जहाज धक्क्याला असेपर्यंतचे दिवस १८० पैकी ९० दिवसांच्या मुदतीत धरले जाणार. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेलही. जहाज कधी हलणार हे मात्र खलाशाच्या हातात नसते. सीडीसीमधील रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या नोंदी त्याने पासपोर्टइतक्याच जपायला हव्यात.

डिजिटल नोंदीने प्रश्न मिटला का?

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने ‘एंट्री-एक्झिट सिस्टीम’ टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. शिक्क्याच्या जागी चेहऱ्याचे छायाचित्र, चार बोटांचे ठसे, तारीख आणि ठिकाण यांची नोंद होते. पुसट शिक्के, दुसऱ्याच पानावर उमटलेले शिक्के यांचा त्रास त्यामुळे संपेल. पण नोंद राहून गेली, तर प्रवाशाला ती पान उलटून दिसणारही नाही. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. अर्ज आणि पुरावे पुन्हा त्यानेच द्यायचे आहेत. बाहेर पडल्याची नोंद असलेल्यांची माहिती तीन वर्षे ठेवली जाते. जिची बाहेर पडल्याची नोंदच झाली नाही, त्या व्यक्तीची माहिती मुक्कामाची मुदत संपल्यापासून पाच वर्षे.