टाके निघाले, दुखणे निघेना!

"ऑपरेशन यशस्वी झाले." थिएटरबाहेर येऊन सर्जन हे तीन शब्द बोलतात आणि नातेवाइकांचे चेहरे उजळतात. सर्जनचे काम तिथे बरेचसे संपते. रुग्णाचे तिथून सुरू होते आणि ते किती महिने चालणार, हे त्याला सहसा कोणी नीट सांगितलेले नसते. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून माणूस घरी परततो, आणि पुढची कुरकुर ऐकायला आमच्यासारखा गावातला डॉक्टर असतो. आज त्या कुरकुरीबद्दलच थोडे लिहितो.

टाके दहा-चौदा दिवसांत निघतात. तेवढ्यावरून लोक हिशेब मांडतात की पंधरवड्यात माणूस ठणठणीत! त्यात भेटायला येणारी मंडळी. शहाळे टेबलावर ठेवता ठेवता म्हणतात, "अजून काठी सुटली नाही? आमचे मेहुणे तर महिन्यात स्कूटर चालवायला लागले." असा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला मात्र तो एकदाही भेटलेला नाही.

वाचकहो, वरची कातडी जुळली म्हणजे आतले काम संपले असे नव्हे. जखमेच्या जागचा नवा भाग घट्ट व्हायला काही महिने लागतात आणि पहिल्याइतका बळकट तो कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. गुडघ्याचा सांधा बदलला तर सूज महिनोन् महिने राहू शकते आणि सुधारणा वर्षभर चालू असते. दुखावलेली नस तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. एका रुग्णाला हे सांगितले तर तो म्हणाला, "आमच्या गावचा रस्ताही याच वेगाने होतोय, डॉक्टर. म्हणजे होईल कधीतरी!"

काहींचे दुखणे त्यानंतरही राहते. गुडघा बदललेल्या पाच जणांत साधारण एकाला शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनसुद्धा पुढे त्रास असतो. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला आम्ही जुनाट वेदना म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात या वेदनेला स्वतंत्र जागा दिली आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर मागे उरणारी वेदना त्यात वेगळी नोंदवली आहे. तेव्हा हा नखरा नाही आणि मनाचा खेळही नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचा उजवा गुडघा २०२३ च्या जानेवारीत बदलला. एप्रिल उजाडला तरी रात्री ठणका लागे. मुलगा म्हणे, "बाबा, व्यायाम करत नाहीत तुम्ही." सूनबाई म्हणत, "करतात हो, पण जास्त करतात." घरात सकाळ-संध्याकाळ त्या गुडघ्यावरून वाद. शेवटी गुरुजींनी गुडघ्याचे नावच ठेवले 'जावईबापू'. कारण विचारले तर म्हणाले, "भरपूर खर्च करून आणला, आता परत पाठवता येत नाही. कारण नसताना रुसतो. आणि कितीही सरबराई केली तरी फुगलेलाच!" मग घरातले प्रश्नही बदलले. "दुखतंय का हो?" या रडव्या सुराऐवजी काकू विचारू लागल्या, "आज जावईबापू कसे आहेत?" त्या वर्षी अधिक श्रावण आला, तेव्हा गुरुजींनी जावयाच्या नावाने अनारशांवर हक्क सांगितला. साखर पाहता मी दोनच मंजूर केले.

यातला माझ्या कामाचा भाग वेगळाच होता. गुरुजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री एक आकडा लिहीत. 'रुसवा ६', 'रुसवा ४', 'रुसवा ७, जिना दोनदा'. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, ही वेदना मोजण्याची आमची नेहमीचीच पट्टी. दोन महिन्यांची पाने पाहिली आणि लक्षात आले, की आकडा हळूहळू उतरतो आहे, पण जिना दोनदा चढला की दुसऱ्या दिवशी हमखास वर जातो. त्यावरून व्यायाम कमी-जास्त करता आला. "फार दुखतं हो" एवढ्यावरून ते जमले नसते.

हसण्याने वेदना कमी होते का? थोडी होते. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने १९७६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की दहा मिनिटे पोट धरून हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागे. तो एका माणसाचा अनुभव आहे, तेव्हा त्यावर औषधे बंद करू नयेत. पण मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडले, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एक दार लागते आणि ते किती उघडे राहील यात मनःस्थितीचाही हात असतो. भीतीने, एकटेपणाने ते उघडते. चार माणसांत रमल्यावर जरा लोटले जाते. १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईत हास्यक्लब सुरू केला आणि त्याचे लोण गावोगाव पोचले. ज्याला मैदानावर हात वर करून हसायला आवडते, त्याने खुशाल हसावे. मात्र पोटावर ताजे टाके असतील तर हसताना, खोकताना उशी पोटाशी घट्ट धरावी, आणि हास्यक्लब काही आठवडे राहू द्यावा!

इथपर्यंत सगळे गोड झाले. आता दुसरी बाजू.

खाणावळ चालवणाऱ्या एक ताई. सिझेरियनच्या जुन्या व्रणातून हर्निया झाला होता, तो जाळी घालून दुरुस्त केला. पाच महिन्यांनी रक्तदाब दाखवायला आल्या. "कशा आहात?" म्हटले तर म्हणाल्या, "आमचं काय डॉक्टर, जुनं मॉडेल, स्पेअर पार्ट मिळत नाहीत!" सोबतचे पती हसले, बाकावरच्या दोघी हसल्या, मीही हसलो. मग विचारले, "झोप लागते का?" त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "परकराची नाडी त्या जागेवर आली की भाजल्यासारखं होतं. रात्री भिंतीला टेकून बसते." पती चकित. "मला कधी बोलली नाही!" बोलल्या होत्या, रोज बोलत होत्या, पण विनोदात, आणि घर हसून मोकळे होत होते.

हे दुखणे नसेचे होते. नुसत्या कापडाच्या स्पर्शानेही आग होते ती अशा दुखण्यात. त्यावर नेहमीची वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही, वेगळी औषधे असतात आणि ती कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात. त्यांना मी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातील वेदना विभागात पाठवले. तिथले उपचार सुरू झाल्यावर आग बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. भट्टीसमोर दोन तास उभ्या राहतात, पूर्वी सहा राहत. स्पेअर पार्टचा विनोद अजून चालूच आहे.

माझे स्पष्ट मत असे, की आपल्याकडे बाईने दुखणे विनोदात सांगितले तर ते ऐकूच येत नाही आणि रडून सांगितले तर 'हिचं नेहमीचंच' होते. आम्ही डॉक्टरही त्याच घरांतून आलेले. हसणारा रुग्ण बरा असणार असे धरून चालतो आणि पुढचा नंबर पुकारतो. हसत असलेल्या माणसाचा आकडा आठ असू शकतो. म्हणून हसून झाल्यावर मी तीन गोष्टी विचारतोच: झोप, जिना आणि संडासला बसणे-उठणे.

भेटायला जाणाऱ्यांनी विनोदाची सुरुवात आपण करू नये. "काय, लंगडी घालताय का?" हा विनोद ज्याचा पाय आहे त्याने केला तर ठीक. त्याने केला की मनापासून हसावे, मेहुण्याला घरी ठेवावे आणि पंधरा मिनिटांत उठावे. दुकानातून परस्पर वेदनेच्या गोळ्या आणून देणे हीसुद्धा मदत नव्हे. त्या महिनोन् महिने घेतल्याने मूत्रपिंडे आणि जठर बिघडलेले रुग्ण मी पाहतो.

काही वेळी मात्र थट्टेत वेळ घालवू नये. ताप आला, जखमेतून पू येऊ लागला, उतरत चाललेले दुखणे अचानक चढू लागले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखले, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धाप लागली किंवा छातीत दुखले तर माझी वाट न पाहता १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे. बाकी तक्रारींसाठी, माझा दवाखाना रविवारी बंद असतो, पण घर वरच्या मजल्यावरच आहे.