पाटी उचलणाऱ्याची पाटी

रविवारी सकाळी फोर्टात हेरिटेजवाल्यांच्या टोळ्या फिरतात. गाईड पुढं, कॅमेरे मागं, माना वर. ही कमान बघा, तो घुमट बघा, हा स्टीव्हन्स, तो स्कॉट. मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत ठेकेदाराकडं रोजंदारीवर माल चढवतो-उतरवतो, कविता लिहितो. माझा त्या इमारतींवर राग नाही. व्ही.टी. देखणी आहे, हे म्हणायला मला कुणा पंडिताचं सर्टिफिकेट लागत नाही. सवाल वेगळा आहे. हा वारसा कुणाच्या नावावर चढवला?

दोस्तहो, हिशेब मांडू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला, इकडचा सोन्याच्या भावानं गेला. मुंबईचे शेटजी गबर झाले. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरनं किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मोकळ्या जागेत गॉथिक इमारतींची रांग उठली. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. देणगी प्रेमचंद रायचंदची, नाव त्याच्या आईचं, आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा. ही नावं सगळ्यांना पाठ. पण कुर्ल्याच्या खाणीत दगड फोडला कुणी, डोक्यावर पाटी घेऊन परांचीवर चढलं कोण, एवढं विचारा. गाईड घड्याळ बघायला लागतो. त्या टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातींचे पुतळे आहेत. जात दगडात कोरून उंचावर बसवली. तो दगड वर नेणारा खालीच राहिला.

बॅलार्ड इस्टेट घ्या. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ साली खुली झाली. ती खणताना निघालेल्या मातीनं समुद्र बुजवला. त्या भरावावर १९१४ ते १९१८ मध्ये जॉर्ज विटेटच्या आखणीनं २२ एकरांची साहेबी वसाहत उभी राहिली. ती माती काय स्वतःच्या पायांनी चालत आली?

१४ एप्रिल १९४४. आपल्या जयंतीचा दिवस. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली. पोटात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा. आग विझवताना ६६ बंबवाले गेले, त्यांच्यासाठी देश दर वर्षी दिवस पाळतो. पाळायलाच पाहिजे. सोन्याच्या विटा १९७०च्या दशकापर्यंत गाळ उपसताना सापडत राहिल्या. मेलेल्यांचा आकडा मात्र अजून ८०० ते १३०० असा लोंबकळतोय. सोनं मोजून, माणसं अंदाजे.

१९९५ साली मुंबईत हेरिटेजचे नियम आले. ग्रेड एक, दोन, तीन. २००४ साली युनेस्कोनं व्ही.टी.ला जागतिक वारसा केलं, २०१८ साली ओव्हलभोवतीच्या ९४ व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना. आणि १८८०ची प्रिन्सेस गोदी, १८८८ची व्हिक्टोरिया गोदी? कंटेनरला जागा पाहिजे म्हणून बुजवल्या. पैसा जिथनं आला ते बुजवलं, जिथं मिरवला ते जपलं.

कुणी शहाणा म्हणेल, मग तुमच्या चाळी पण हेरिटेज करा. थांब बाबा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी, १९२०च्या दशकात बांधलेल्या. १६० फुटांची खोली, सामाईक संडास. फोटो चांगला येतो म्हणून माणसं तिथं कोंडून ठेवायची? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. चाळ पडू दे, पण तिची नोंद पडू देऊ नका. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारला गेला. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. या शहराचा इतिहास तिथंही घडलाय.

आता बंदराच्या जमिनीचे आराखडे निघतायत. उद्या वखारींना रंग फासून हॉटेलं काढतील आणि भिंतीवर आमचा आकडा टांगतील शोभेला. म्हणून आत्ताच मागू या. पहिलं, जुनी दप्तरं उघडा, दगड फोडणाऱ्यांची, पाटी उचलणाऱ्यांची जी नावं सापडतील ती इमारतीच्या पाटीवर घाला. नाहीच सापडली तर स्वच्छ लिहा, ‘नावं लिहून ठेवली नाहीत.’ दुसरं, गोदीतला एक धक्का, एक वखार कामगारांच्या जबानीसकट राखा. तिसरं, बंदराच्या जमिनीवर घरं होतील तेव्हा पहिली यादी गोदीत राबणाऱ्यांची लावा.

तोवर येत्या रविवारी फोर्टात या. त्या टोळ्यांच्या मागं उभे राहा आणि प्रत्येक पाटीपाशी मोठ्यानं विचारा, ही उचलली कुणी?